देवदूताची तुतारी, सैतानाचा श्वास

(ताज्या भागाचा लिखित मजकूर. बोलताना अडखळलेल्या जागा काढल्यात, बाकी बरंचसं जसं बोलले तसंच ठेवलंय.)

मागचे काही भाग आपण राजे, तह आणि लढायांमध्ये होतो. आज जरा वेगळा विषय घेतलाय. आजचा इतिहास एका झाडाचा आहे, किंवा खरं सांगायचं तर त्या झाडातल्या विषाचा आणि ते विष कुणी कुणाला दिलं याचा.

सुरुवातीलाच एक सूचना. या झाडाची पानं, फुलं, बिया, सगळंच विषारी आहे. मी कुठेही किती, कसं, काय घ्यायचं हे सांगणार नाही, आणि तुम्हीही कुतूहल म्हणून प्रयोग करू नका. या विषाने माणसं मरतात. चला, सुरू करू.

आपल्या धोत्र्याचा लांबचा भाऊ

धोत्रा तुम्हाला माहीत आहेच. महाशिवरात्रीला शंकराला वाहतो, रस्त्याच्या कडेला उगवतो, फळ गोल आणि काटेरी. फूल पांढरं, कर्ण्यासारखं, तोंड आभाळाकडे.

आता तोच कर्णा उलटा करा. झुडूप कमरेएवढं न ठेवता पुरुष-दीड पुरुष उंच करा, कधी कधी घरावर जाईल इतकं. फूल वीतभर ते दीड फूट लांब. फांदीला शंभर-शंभर फुलं खाली तोंड करून लटकलेली. पांढरी, पिवळी, केशरी, गुलाबी. संध्याकाळ झाली की असा घमघमाट की आख्खं अंगण भरून जातं. ऊटी, कोडाईकॅनॉल किंवा दार्जिलिंगला गेला असाल तर बंगल्यांच्या कुंपणाशी हे झाड बहुतेक पाहिलं असेल, त्याच्यासोबत फोटोही काढला असेल.

याचं शास्त्रीय नाव ब्रुगमॅन्सिया. इंग्रजीत म्हणतात एंजल्स ट्रम्पेट, म्हणजे देवदूताची तुतारी. कोलंबियात म्हणतात बोराचेरो. बोराचो म्हणजे झिंगलेला, म्हणून हे झिंगवणारं झाड. पेरूमध्ये फ्लोरिपोंडियो. वांगी, टोमॅटो, बटाटा, मिरची, तंबाखू यांचंच हे कुळ. मूळ मुलूख दक्षिण अमेरिका: मुख्यतः अँडीज पर्वताचे व्हेनेझुएला-कोलंबियापासून चिलीपर्यंतचे उतार, आणि एका जातीचं घर ब्राझीलच्या आग्नेय भागात.

नावाची एक गंमत आहे आणि ती आपल्याशी जोडलेली आहे. १७५३ मध्ये लिनियसने वनस्पतींची मोठी यादी छापली तेव्हा या अँडीजच्या झाडाला त्याने नाव दिलं दातुरा आर्बोरिया, म्हणजे झाडासारखा वाढणारा धोत्रा. दातुरा हा शब्द आला आपल्या धत्तूर-धतुरा वरून. म्हणजे पेरूच्या डोंगरातल्या झाडाला कागदोपत्री संस्कृत आडनाव मिळालं! पुढे १८०५ मध्ये पर्सून नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने ते वेगळं काढलं आणि लायडनचे प्राध्यापक सेबाल्ड ब्रुगमन्स यांच्या नावावरून ब्रुगमॅन्सिया केलं. तरी वाद मिटला नाही. हा वेगळा गण की धोत्र्याचाच एक प्रकार, हे भांडण विसाव्या शतकापर्यंत चाललं. १९७३ मध्ये टॉम लॉकवुड यांनी आपल्या प्रबंधात हे दोन गट वेगळे आहेत हे नीट मांडलं. धोत्रा लहान आयुष्याचा, फुलं वर बघणारी, फळ काटेरी आणि पिकलं की फुटणारं. ब्रुगमॅन्सिया लाकडी खोडाचा, फुलं लटकणारी, फळ गुळगुळीत आणि न फुटणारं.

हे न फुटणारं फळ लक्षात ठेवा. पुढच्या गोष्टीत ते महत्त्वाचं आहे.

जंगलात नसलेलं जंगली झाड

ब्रुगमॅन्सियाच्या साधारण सात जाती मानल्या जातात. धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींची जागतिक लाल यादी करणाऱ्या आययूसीएनने २०१४ मध्ये या सातही जातींवर एकच शिक्का मारला: निसर्गातून नामशेष. जगभरच्या बागांमध्ये लाखोंनी आहेत, नर्सरीत कुंडी मिळते. पण माणसाच्या हाताशिवाय, स्वतःच्या बळावर पिढ्यानपिढ्या जगणारी मूळची जंगली वस्ती अँडीजमध्ये सापडत नाही. जिथे झाड दिसतं तिथे जवळ घर असतं, किंवा कधीकाळी होतं.

असं का झालं? फळ फुटत नाही, खाली पडून तिथेच कुजतं. बी लांब नेणारा कुणी नाही. अभ्यासकांचा एक अंदाज असा की हे काम पूर्वी मोठे सस्तन प्राणी करत असावेत, आणि ते हिमयुगाच्या शेवटी नाहीसे झाले. परागीभवन मात्र अजून चालतं. रात्री सुगंधी फुलांवर लांब सोंडेचे पतंग येतात. लाल फुलांच्या जातीला वास नसतो, तिच्यावर एक हमिंगबर्ड येतो. त्याची चोच शेपूट वगळता उरलेल्या शरीरापेक्षा लांब, जवळजवळ दहा सेंटिमीटर. म्हणजे फूल आणि पक्षी दोघं एकमेकांसाठी घडलेत. लग्न लावणारे सगळे हजर आहेत, फक्त पोरांना घराबाहेर नेणारा कुणी उरला नाही.

मग हे झाड टिकलं कसं? माणसाने फांदी तोडली आणि अंगणात खोचली. ब्रुगमॅन्सियाची काडी मातीत लावली की मुळं धरते. हजारो वर्षं कुणी ना कुणी ती काडी लावत आलं. खाण्यासाठी नाही, कारण ते खाता येत नाही. लाकडासाठीही नाही. ती लावली मुख्यतः त्यातल्या विषासाठी.

सिबुंदॉयचं खोरं

दक्षिण कोलंबियात, समुद्रसपाटीपासून सुमारे २,२०० मीटर उंचीवर सिबुंदॉय नावाचं खोरं आहे. चहूबाजूंनी डोंगर, मधे हिरवी सपाटी. तिथे कामेंत्सा आणि इंगा हे दोन समाज राहतात. हार्वर्डचे वनस्पतिशास्त्रज्ञ रिचर्ड इव्हान्स शुल्टेस १९४१ मध्ये कोलंबियात आले आणि पुढची डझनभर वर्षं त्या भागात फिरत राहिले. सिबुंदॉयच्या वैदूंच्या परसात त्यांना ब्रुगमॅन्सियाची अशी रूपं दिसली जी इतरत्र कुठेच नव्हती.

एकाची पानं रिबिनीसारखी बारीक आणि लांब. त्याचं नाव कुलेब्रा, म्हणजे साप. हे झाड इतकं वेगळं दिसायचं की शुल्टेस यांनी १९५५ मध्ये त्याचा स्वतंत्र गणच जाहीर केला आणि नाव दिलं मेथिस्टिकोडेंड्रॉन, ग्रीकमध्ये झिंग आणणारं झाड. पुढे कळलं की तो वेगळा गण नाही, ब्रुगमॅन्सियाचंच बदललेलं रूप आहे. १९६० च्या दशकात त्यांचे विद्यार्थी मेल्विन ब्रिस्टल यांनी खोऱ्यात राहून याचा तपशीलवार अभ्यास केला. प्रत्येक रूपाला नाव होतं. मुंचिरो म्हणजे सुरवंट, किंदे म्हणजे हमिंगबर्ड, अमरोन म्हणजे अजगर. बियांगान नावाचं रूप पूर्वी शिकारी कुत्र्यांच्या खाण्यात मिसळत, शिकार हेरता यावी म्हणून. काही रूपांची चुरगळलेली पानं विषाणूंच्या लागणीमुळे झाली असावीत असंही अभ्यासकांनी सुचवलंय. म्हणजे आजारी झाडसुद्धा फेकून दिलं नाही. त्याचा गुण बघितला, नाव दिलं आणि काडी लावून जपलं.

मी सॉफ्टवेअरवाली आहे, त्यामुळे मला यात सरळ व्हर्जन कंट्रोल दिसतं. बियांपासून वाढवलं तर गुण बदलतात, काडी लावली की हुबेहूब प्रत. म्हणजे कुणाच्या परसातलं कुठलं झाड किती तीव्र, हे वैदूला माहीत असायचं. विषाच्या बाबतीत हे ज्ञान चैनीचं नाही. एकाच जातीच्या दोन झाडांत, एकाच झाडाच्या दोन भागांत विषाचं प्रमाण वेगळं असतं, आणि झिंग नि मरण यांतलं अंतर फार थोडं असतं. तिथे बहुतेक वापर अंगाबाहेरचा होता: सुजलेल्या सांध्यावर, दुखऱ्या स्नायूवर पानांचा लेप. पोटात घेण्याचा प्रकार क्वचित, तोही जाणत्या वैदूने, अवघड निदानासाठी किंवा भविष्य बघण्यासाठी. या झाडाला तिथे लोक भितात, आणि ती भीती शिकवली जाते.

थडग्याची वनस्पती

आता इथे थांबून जुनं ते सोनं म्हणणं सोपं आहे. पण पुरावे तसं म्हणू देत नाहीत.

आजच्या बोगोटाच्या पठारावर स्पॅनिश लोक येण्याआधी मुइस्का लोकांची राज्यं होती. स्पॅनिश बखरकारांनी लिहून ठेवलंय की सरदार मेला की त्याच्या बायका आणि गुलाम यांना त्याच्याबरोबर जिवंत पुरत. त्याआधी त्यांना मक्याच्या आंबवलेल्या पेयातून, चिचातून, तंबाखू आणि हे झिंगवणारं झाड देत, म्हणजे शुद्ध हरपून त्या निमूट खड्ड्यात उतराव्यात. जिंकणाऱ्यांनी जितांबद्दल लिहिलेलं आहे, तेव्हा थोडं मीठ घालून वाचायला हवं. पण आपल्याकडच्या सतीच्या काही वर्णनांत अफू किंवा भांगेचा उल्लेख येतो, तो आठवल्याशिवाय राहत नाही.

पेरूमध्ये लाल फुलांच्या जातीला ह्वाका म्हणत, म्हणजे थडग्याची वनस्पती. पूर्वजांच्या थडग्यात पुरलेलं धन ती दाखवते असा समज. तिच्यापासून टोंगा नावाचं पेय करत. स्विस निसर्ग-अभ्यासक योहान याकोब फॉन त्शुदी १८३८ ते १८४२ या काळात पेरूत फिरले आणि टोंगा प्यायलेल्या एका माणसाचं वर्णन त्यांनी लिहून ठेवलं. आधी तो सुन्न बसला, नजर जमिनीवर खिळलेली, तोंड घट्ट मिटलेलं. मग डोळे फिरले, तोंडाला फेस आला, सगळं अंग झटके देऊ लागलं. त्यानंतर कित्येक तासांची झोप. उठल्यावर त्याने सांगितलं की पूर्वजांशी भेट झाली. तो थकून गेला होता, चेहरा ओढलेला होता.

इक्वेडोरमधल्या शुआर लोकांत तरुण मुलगा हे झाड घेऊन रानात एकटा जायचा, आपल्याला बळ देणारं दर्शन मिळावं म्हणून. तो स्वतः निवडायचा. पण त्याच समाजात हट्टी, कुणाचं न ऐकणाऱ्या पोरालाही ते दिलं जायचं, म्हणजे पूर्वज येऊन त्याला चार शब्द सुनावतील. तिथे निवड पोराची नसायची.

बघा, एकच झाड. कुणी स्वतःहून घेतं, कुणाला ते पाजलं जातं. आता इथून पुढे आपण अँडीजच्या बाहेर पडणार आहोत, कारण हे विष एका झाडापुरतं नाही.

आत काय होतं

ब्रुगमॅन्सियात मुख्यतः तीन नातेवाईक रसायनं आहेत: स्कोपोलामिन, हायोसायमिन आणि अॅट्रोपिन. हीच कमीजास्त प्रमाणात आपल्या धोत्र्यात आहेत, युरोपातल्या बेलाडोना आणि खुरासानी ओव्यात आहेत. त्यामुळे झाड बदललं तरी गोष्ट तीच राहते.

आपल्या नसा अॅसिटिलकोलिन नावाच्या रसायनाने निरोप पाठवतात. ही विषं तो निरोप घेणारी कुलुपं अडवून बसतात. तोंड कोरडं पडतं, बुबुळातली बाहुली पसरते, हृदय धावतं, घाम थांबतो, अंग तापतं, लघवी अडते. बागकाम करताना हाताला रस लागला आणि डोळा चोळला, तर एकाच डोळ्याची बाहुली मोठी होते. डॉक्टर आधी मेंदूच्या आजाराची शंका घेतात आणि मग कुणीतरी विचारतं, परसात काय लावलंय?

मेंदूत गेलं की भ्रम होतो. इतर भ्रमकारी पदार्थ घेणाऱ्याला निदान कळत असतं की आपण काहीतरी घेतलंय. इथे तेही कळत नाही. माणूस नसलेल्या माणसांशी गप्पा मारतो, हातात नसलेली सिगारेट ओढतो.

आणि सगळ्यात विचित्र म्हणजे स्मृती. स्कोपोलामिन जुन्या आठवणी पुसत नाही, नव्या लिहू देत नाही. आमच्या भाषेत सांगायचं तर प्रोग्राम चालू आहे, पण लॉग लिहिणं बंद पडलंय. काम होतंय, नोंद होत नाहीये. दुसऱ्या दिवशी बघायला गेलं तर मधले तास कोरे.

या एका गुणामुळे पुढचा सगळा इतिहास घडला. कारण ज्याला काही आठवत नाही, तो तक्रार कशी करणार?

गोवा, १५६३

या प्रश्नाचं एक जुनं उत्तर आपल्या दाराशी सापडतं. गार्सिया द ऑर्ता हे पोर्तुगीज वैद्य १५३४ मध्ये गोव्याला आले. मुंबई बेट पुढे यांनाच भाडेपट्ट्याने मिळालं होतं. १५६३ मध्ये गोव्यात त्यांचं औषधींवरचं पुस्तक छापलं गेलं, सगळं संवादरूपात. त्यात एक संवाद धोत्र्यावर आहे. एका घरात गुलाम स्त्रीने जेवणातून धोत्रा दिला, मालकीण वेडसर हसत बसली, आणि ती किल्ल्या-दागिने घेऊन पसार झाली, अशी हकीकत त्यात येते. ऑर्ता तिच्यावर उपचार करतात.

वीसेक वर्षांनी गोव्यात आर्चबिशपच्या पदरी असलेला यान ह्यूगन फान लिन्स्कोटेन हा डच माणूस लिहितो की इथल्या बायका नवऱ्याला धोत्रा देतात आणि त्याच्या उघड्या डोळ्यांदेखत प्रियकराला भेटतात, नवरा नुसता हसत बसतो. यातलं किती खरं आणि किती चावडीवरच्या गप्पा, हे वाचणाऱ्याने ठरवावं. बाहेरून आलेल्या पुरुषांना इथल्या बायकांबद्दल असं लिहायला आवडायचं हेही खरं. पण ऑर्तांची हकीकत मला महत्त्वाची वाटते. मुइस्कांच्या गोष्टीत गुलामाला विष पाजलं गेलं. गोव्यात गुलामाने पाजलं. जिच्याकडे दुसरं काही नव्हतं, तिने घराची सत्ता एका रात्रीपुरती उलटवली. पुढे इंग्रजांच्या काळात वाटसरूंना धोत्रा देऊन लुटणाऱ्यांच्या कितीतरी केसेस झाल्या. तिथे मात्र बळी बहुतेक आपल्यासारखेच, गाठीला चार पैसे बांधून निघालेले.

फ्रायबर्गची अर्धी झोप

१८८० च्या सुमारास जर्मन रसायनशास्त्रज्ञ आल्बर्ट लाडेनबर्ग यांनी हे रसायन वेगळं ओळखलं. आता झाड लागत नाही, वैदू लागत नाही, फक्त बाटली आणि सुई. मात्रा अचूक मोजता येते. ही मोठीच प्रगती होती. पण मात्रा मोजता आली म्हणजे बाकीचं शहाणपण आपोआप येतं असं नाही.

१९०६ च्या आसपास जर्मनीतल्या फ्रायबर्गमध्ये क्रोनिग आणि गाउस या डॉक्टरांनी बाळंतपणात मॉर्फिन आणि स्कोपोलामिन एकत्र द्यायला सुरुवात केली. नाव पडलं ट्वायलाइट स्लीप, संधिप्रकाशातली झोप. गाउस यांची पद्धत अशी: बाईला एखादी वस्तू दाखवायची आणि थोड्या वेळाने विचारायचं, ही आधी पाहिलीत का? पाहिली म्हणाली तर अजून औषध. नाही म्हणाली की मात्रा बरोबर.

म्हणजे मोजमाप वेदनेचं नव्हतं, आठवणीचं होतं. मॉर्फिनने थोडी वेदना कमी व्हायची, पण बरीच तशीच राहायची. बाई ओरडायची, हातपाय झाडायची, भ्रमात उठून पळू बघायची. म्हणून खोली अंधारी, डोळ्यांवर पट्टी, कानात कापूस, पलंगाला गाद्यांच्या भिंती, कधी हात बांधलेले. सकाळी जाग आली की कुशीत बाळ आणि डोक्यात काहीच नाही.

गंमत म्हणजे, गंमत म्हणवत नाही खरं तर, हे बायकांनीच मागून घेतलं. १९१४ मध्ये अमेरिकेतल्या मॅक्लुअर्स मासिकात यावर लेख आला आणि न्यूयॉर्कपासून बायकांनी चळवळ उभी केली, संघटना काढली, डिपार्टमेंट स्टोअरमध्ये सभा घेतल्या. त्यांना मूर्ख ठरवू नका. बाळंतपणात मरणं तेव्हा सामान्य होतं, आणि वेदना हा बाईचा भोगच असं डॉक्टर आणि धर्मगुरू दोघं सांगत होते. वेदना नको म्हणण्याचा हक्क त्या मागत होत्या. चळवळीतल्या फ्रान्सिस कार्मोडी १९१५ मध्ये बाळंतपणात गेल्या. औषधाचा संबंध नाही असं त्यांच्या नवऱ्याने आणि डॉक्टरांनी सांगितलं, पण चळवळ तिथेच खचली.

औषध मात्र राहिलं, अमेरिकन इस्पितळांत पुढची चाळीसेक वर्षं. आता ते मागावं लागत नव्हतं, सरसकट दिलं जात होतं. १९५८ मध्ये लेडीज होम जर्नलने बाळंतपणाच्या वॉर्डांतल्या क्रूरतेबद्दलची पत्रं छापली आणि बाहेर आलं की बायकांना तासन् तास बांधून ठेवलं जातं. इतकी वर्षं कळलं का नाही? ज्यांच्यावर गुजरलं त्यांच्याकडे आठवण नव्हती. मनगटावरचे वळ तेवढे होते.

खरं बोलायला लावणारं औषध

टेक्सासमध्ये १९१६ साली डॉ. रॉबर्ट हाउस अशाच एका बाळंतपणाला गेले होते. बाळाचं वजन करायला त्यांनी नवऱ्याला ताणकाटा मागितला. तो सापडेना. शुद्धीत नसलेल्या बाईनेच काटा कुठे आहे ते बरोबर सांगितलं. डॉक्टरांच्या मनात आलं, या अवस्थेत माणूस खोटं बोलूच शकत नसावा! १९२२ मध्ये त्यांनी डॅलसच्या तुरुंगात दोन कैद्यांवर प्रयोग केला. हेतू चांगला होता, त्यांना निर्दोष लोकांना सोडवायचं होतं. वर्तमानपत्रांनी नाव दिलं ट्रुथ सीरम, सत्याचं औषध.

पण भ्रमातला माणूस खरंही बोलतो, खोटंही बोलतो, आणि समोरचा जे सुचवेल तेही बोलतो. शिकागोमध्ये १९५४ साली चार्ल्स टाउनसेंड या तरुण आरोपीला पोलिस कोठडीत डॉक्टरांनी हायोसिन, म्हणजे हेच रसायन, टोचलं आणि त्यानंतर त्याने कबुली दिली. १९६३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की अशा औषधाच्या अमलाखाली मिळालेली कबुली स्वेच्छेची मानता येणार नाही.

हे वाचताना तुम्हाला नार्को टेस्ट आठवली असेल. आपल्याकडे त्यासाठी मुख्यतः पेंटोथाल वापरतात, रसायन वेगळं. पण कल्पनेचा उगम हाच. तेलगीच्या स्टॅम्प पेपर घोटाळ्यानंतर तर हा शब्द आपल्या घराघरांत पोचला. टीव्हीवर बरळणारा आरोपी दाखवायचे आणि आपण ते खरं मानून ऐकायचो. ५ मे २०१० रोजी सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या खटल्यात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की संमतीशिवाय नार्को चाचणी घेणं घटनेत बसत नाही. स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला कुणालाही भाग पाडता येत नाही. टेक्सासमधल्या एका ताणकाट्यापासून निघालेली गोष्ट संमती या शब्दापर्यंत यायला नव्वद वर्षं लागली.

परत कोलंबियात

आज स्कोपोलामिन गुगल केलंत तर सैतानाचा श्वास हे नाव दिसेल. कोलंबियात याला बुरुंडांगा म्हणतात. गोष्ट अशी सांगतात की कुणीतरी चेहऱ्यावर पूड फुंकतो आणि तुम्ही गुलाम होता, स्वतःच एटीएमपाशी जाऊन पैसे काढून देता. पूड फुंकून असं होतं यावर विषतज्ज्ञांचा फारसा विश्वास नाही. खरे प्रकार बहुतेक पेयातून होतात, आणि त्यात अनेकदा झोपेच्या गोळ्यांसारखी दुसरी औषधंही असतात. पण लूट खरी आहे आणि मृत्यूही खरे आहेत. जानेवारी २०२४ मध्ये बोगोटाच्या अमेरिकन दूतावासाने इशारा काढला: नोव्हेंबर-डिसेंबर २०२३ या दोन महिन्यांत मेदेयीन शहरात आठ अमेरिकन नागरिकांचे संशयास्पद मृत्यू झाले, आणि त्यातल्या अनेकांत डेटिंग अॅपवरची ओळख आणि गुंगीचं औषध यांचा संबंध दिसत होता.

गोव्यातल्या त्या किल्ल्या-दागिन्यांच्या हकीकतीपासून हे फार लांब नाही. फक्त किल्लीच्या जागी फोनचा पासवर्ड आलाय.

आणि याचा राग निघतो झाडावर. सिबुंदॉयमध्ये जे झाड वैदूच्या परसात नावानिशी ओळखलं जायचं, ते बातम्यांमध्ये जगातलं सगळ्यात भयानक झाड झालंय.

मग हे झाड वाईट का?

आता ज्यांनी इथवर ऐकलंय त्यांच्यासाठी दुसरी बाजू. स्कोपोलामिनची पट्टी कानामागे लावली की बोटीत उलट्या होत नाहीत. १९७९ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेली ही पट्टी म्हणजे त्वचेतून औषध देणाऱ्या पट्ट्यांमधली पहिली. मरणाच्या दारात असलेल्या माणसाच्या घशातली घरघर कमी करायला हेच औषध देतात, म्हणजे जवळच्यांना तो आवाज ऐकत बसावं लागत नाही. आणि याचं भावंड अॅट्रोपिन तर आपल्या ग्रामीण रुग्णालयांत हाताशी असावंच लागतं. ऑर्गनोफॉस्फेट गटाच्या कीटकनाशकाने विषबाधा झालेल्या शेतकऱ्याला वाचवणारं मुख्य औषध तेच. फवारणीचं विष अॅसिटिलकोलिन साचवून शरीर बुडवतं, आणि अॅट्रोपिन तीच कुलुपं अडवून त्याला वर काढतं. विदर्भात कपाशीच्या हंगामात कितीतरी घरांतला कर्ता माणूस या इंजेक्शनमुळे परत आलाय.

तेव्हा रसायनाला चांगलं-वाईट म्हणून हाती काही लागत नाही. जुनं ज्ञान चांगलं आणि आधुनिक वाईट, किंवा उलट, असंही दिसत नाही. मुइस्का सरदाराची बायको आणि न्यूयॉर्कच्या इस्पितळातली बांधलेली बाळंतीण यांच्यात चार-पाचशे वर्षांचं अंतर आहे, पण दोघींच्या बाबतीत त्यांनी निमूट राहावं हे दुसऱ्या कुणीतरी ठरवलं होतं. शुआर तरुण आणि कानामागे पट्टी लावणारा प्रवासी दोघंही काय घेतोय हे जाणून घेतात. या झाडाची गोष्ट वाचताना मी दर वेळी एकच प्रश्न विचारत गेले: देणारा कोण, घेणारा कोण, आणि घेणाऱ्याला विचारलं होतं का? प्रत्येक प्रकरणाचा निकाल तिथेच लागतो.

शेवटी परत त्या न फुटणाऱ्या फळाकडे. सातही जाती रानातून गेल्या. बागांमध्ये त्या दिसतात तोवर काळजी नाही असं वाटतं, पण बागेत टिकतात त्या मोठ्या, रंगीत, सुवासिक फुलांच्या. सिबुंदॉयची ती चुरगळलेल्या पानांची, बारीक रूपं कुणाच्या नर्सरीत विकली जाणार नाहीत. ती काडीने लावावी लागतात, कुणीतरी नाव लक्षात ठेवून. तो लावणारा थांबला की ते रूप गेलं, आणि त्याबरोबर कुठलं झाड किती तीव्र हे सांगणारं ज्ञानही. माणसाची आठवण घेऊन जाणारं हे झाड स्वतः मात्र माणसाच्या आठवणीवरच जगतंय.

तर मंडळी, आज एवढंच. पुढच्या वेळी ऊटीला ती लटकलेली फुलं दिसली तर जरूर थांबा, लांबून वास घ्या, मुलांना हात लावू देऊ नका. तुमच्या भागात याला काही मराठी नाव असेल तर मला नक्की कळवा. पुढच्या भागात भेटू. तोवर नमस्कार!